लिंबाखालचा गंज

अकोल्याच्या जुन्या शहरात गाड्या रंगवणारा एक माणूस आहे. पाच वर्षांच्या ओळखीत मी त्याचं नाव विचारलेलं नाही. तो मला ‘सर’ म्हणतो. रंग तपासताना तो डोळे मिटतो आणि पत्र्यावरून करंगळी फिरवतो. बोलणं हळू, वाक्यागणिक ‘जी’.

माझ्या नव्या स्कूटरच्या पुढच्या मडगार्डचे दोन महिन्यांतच टवके उडाले, खाली गंज दिसला. त्याने घासून रंग दिला. पंधरा दिवसांत गंज तिथेच परत आला. मग मी चार गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं, "रंगात पाणी घालता काय?"

तो खाली बसला. डोळे मिटून करंगळी फिरवू लागला आणि एका जागी थांबला. त्या जागेच्या बरोबर वर तारेत ओवलेलं लिंबू-मिरची-बिब्बा लोंबत होतं. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून दर शनिवारी मीच ते ताजं बांधतो.

"तार घासून राह्यली जी सर," तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला. "अन् वरून लिंबू गळून राह्यलं. त्यानंच पत्रा खाल्ला."

त्याने तार सोडली, ते सगळं सुती दोऱ्यात ओवलं आणि आरशाला जपून बांधलं. मग उठून मोठ्याने म्हणाला, "सरचं बरोबर हाय. माह्याच हातून रंगाखालचं अस्तर कमी लागलं."

आम्लाने लोखंड कसं झिजतं, हे मी अकरावीच्या वर्गाला दर वर्षी शिकवतो. तरी मी त्याच्या बोलण्यावर मान डोलावली.