व्हर्लीनच्या उंचीची वाट

आमच्या पेलम लँडिंगमध्ये चालायला सगळ्यात चांगली वाट कुठली, हा प्रश्न पाहुण्याने एकाच माणसाला विचारावा. दोघांना विचारला तर तिथेच जुंपते आणि पाहुण्याचं चालणं राहून जातं. नगरपालिकेच्या पत्रकात पहिला नंबर नदीकाठच्या सिमेंटच्या रस्त्याला दिलाय. त्याला ते 'निसर्गवाट' म्हणतात. निसर्ग म्हणजे काय, तर बाकांवर शिटणारे बगळे आणि बाबागाड्या. चर्चमधल्या बायका दरीतल्या बागेचं नाव घेतात. मार्चमध्ये अझेलिया फुलतात तेव्हा तिथे डोळ्यांचं पारणं फिटतं हे खरं, पण फुलं गळली की उरतात नुसत्या पायऱ्या, आणि माझे गुडघे. तिसरी वाट व्हर्लीन पॅजेटची. ती सगळ्यात चांगली. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

व्हर्लीन उंचीला पावणेपाच फूट. आवाज मात्र सेंट जॉन्स नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा. सगळी नोकरी तिने शाळेची बस चालवण्यात घालवली. त्यामुळे सत्तरी ओलांडली तरी समोर चार माणसं दिसली की ती बोट नाचवत मोजायला लागते. नोव्हेंबर ते मार्च दर शनिवारी ती गावातल्या लोकांना रानातून नदीवर घेऊन जाते. उन्हाळ्यात नाही, उन्हाळ्यात आमच्याकडे डास आणि विजा सोडून कुणी रानात जात नाही. चालताना ती स्वतः सगळ्यात मागे राहते आणि तिथून ओरडते, "पुढचे, पळू नका! मधले, शेंगांची टरफलं खिशात!" खारवून उकडलेल्या शेंगांची पिशवी नसेल तर आमचा माणूस घराबाहेर पडत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

एकदा मी तिला विचारलं होतं, "व्हर्लीन, रान एवढं मोठं पडलंय. दर वेळी नदीच कशाला?"

ती म्हणाली, "लंब्या, रोज दोनदा मी पुलावरून बस नेली. नदी मला फक्त बाजूच्या आरशात दिसायची. थांबायची सोय नव्हती. जरा वेग कमी केला की मागून हॉर्न. रिटायर झाले तेव्हा ठरवलं, आता हिच्यासमोर बसायचं. तोंडासमोर."

लंब्या म्हणजे मी. सहा फूट तीन इंच. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, आता व्हर्लीनच्या हाताखाली रंगाचा डबा धरतो.

रंगाचं सांगायला हवं. रानातली वाट झाडांवरच्या रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखायची असते. व्हर्लीन निघण्याआधी दर शनिवारी सगळ्यांना उभं करून तेच सांगते, "झाडावर एक पट्टा दिसला, सरळ चाला. एकावर एक दोन पट्टे दिसले, थांबा, वाट वळतेय. पट्टाच दिसला नाही, तर तुम्ही गप्पा मारत होतात."

ही वाट काढली तेव्हा आमच्या पायवाट क्लबने तिला सांगितलं होतं, पट्टे डोळ्यांच्या रेषेत मार. तिने मारले. स्वतःच्या डोळ्यांच्या. एकटीने अख्खा हिवाळा खपून मारले आणि कुणी तपासायला गेलं नाही. बुटक्या ताडाची झुडपं दोन पावसांत वाढली आणि पट्टे त्यांच्या आड गेले. शाळकरी पोरं ती वाट कधी चुकत नाहीत. माझ्यासारखे ताडमाड मात्र कमरेत वाकून, काही हरवल्यासारखे चालतात. गावात हा विनोदच होऊन बसलाय.

रॉस्को ड्रिगर्सला तो विनोद वाटत नसे. नदीला लागून असलेली शेवटची जमीन त्याची. तिथे त्याची संत्र्याची थोडी झाडं आणि मधमाश्यांच्या पेट्या आहेत. त्याच्या कुंपणाला एक फट आहे, वाट त्या फटीतून आत शिरते आणि कडेकडेने नदीवर जाते. कागद नाही, करार नाही. तो आणि व्हर्लीन एका वर्गात होते, एवढीच परवानगी. पण पट्टे न दिसलेले लोक भरकटून थेट त्याच्या अंगणात उगवायचे. कुणी बाथरूम विचारायचं, कुणी कुत्र्याला बिस्किटं घालायचं. जानेवारीत एका बाईने ओले मोजे वाळत घातले, ते नेमके मधमाश्यांच्या पेटीवर. बाई किंचाळत गावापर्यंत पळाली. मोजे अजून तिथेच आहेत.

दुसऱ्या दिवशी रॉस्को कुंपणाशी उभा राहून व्हर्लीनची वाट पाहत होता.

"पुढच्या शनिवारी एक माणूस माझ्या अंगणात दिसला ना, एक, तर या फटीत फाटक बसवून कुलूप घालतो. फाटक आणून ठेवलंय. मागे पडलंय, जाऊन बघ."

"रॉस्को, मग लोक नदीवर जाणार कसे?"

"सिमेंटचा रस्ता आहे की. पत्रकात पहिला नंबर आहे म्हणे त्याचा!"

व्हर्लीन खरंच मागे गेली आणि फाटक बघून आली. प्रकरण गंभीर आहे, हे मला कळलं.

क्लबची बैठक ओपलच्या खानावळीत बसली. अध्यक्ष प्रेस्टन, म्हणजे दातांचा निवृत्त डॉक्टर. अध्यक्ष झाल्यापासून त्याने चालणं सोडलं होतं, पण मत द्यायला चालावं थोडंच लागतं! तळलेला मासा बाजूला सारून तो म्हणाला, "मिस व्हर्लीन, पट्टे वर घ्यावे लागतील. डोळ्यांच्या रेषेत."

"मग हे काय आहेत?" तिने स्वतःच्या चष्म्यावर बोट आपटलं. "गोट्या?"

सगळे हसले, पण तिचा गोड चहा तसाच राहिला. घरी जाताना मोटारीत ती म्हणाली, "लंब्या, वर तू मार. माझा हात पोचायचा नाही. पण माझे खालचे खरवडायचे नाहीत. पोरं येतात ना त्या वाटेने."

बुधवारी आम्ही दोघं रानात गेलो. मी रंगवत होतो, ती डबा धरून मागे उभी राहून "अजून वर, डावीकडे वाकडा होतोय" करत होती. संध्याकाळपर्यंत पहिल्या झाडापासून रॉस्कोच्या कुंपणापर्यंत प्रत्येक खोडावर खाली तिचा पट्टा, वर माझा. मागे वळून बघितलं तर फार झकास दिसत होतं. आम्ही उरलेल्या शेंगा संपवल्या आणि खुशीत घरी आलो.

शनिवारी थंडी चांगली पडली होती आणि गर्दीही झाली. जॅक्सनव्हिलहून हातात दोन-दोन काठ्या घेतलेली मंडळी आली होती. सपाट जमिनीवर चालायला काठ्या कशाला लागतात हे देव जाणे. प्रेस्टनसुद्धा नवीकोरी टोपी घालून हजर. "आज मी पुढे राहतो," म्हणाला. व्हर्लीनने नेहमीसारखं पट्ट्यांचा पाठ म्हटला, माणसं मोजली, सगळ्यांना पुढे घातलं आणि ती मागे राहिली. माझ्या गुडघ्यांमुळे मीही मागेच.

थोडं चाललो आणि पुढचे आवाज बंद झाले. वाटेवर कुणी नाही. ओकच्या फांद्यांना लोंबणारं करडं शेवाळ तेवढं हलत होतं. मग डावीकडून, वाट जिथे नाहीच त्या बाजूने, रॉस्कोचं कुत्रं भुंकायला लागलं.

"नाही," व्हर्लीन म्हणाली. "नाही, नाही, नाही." आणि ती धावत सुटली. सत्तरीची बाई, मी मागे पडलो.

अंगणात जत्रा भरली होती. सगळेच्या सगळे तिथे. एकजण रॉस्कोच्या झुलत्या खुर्चीत बसला होता. प्रेस्टनची टोपी गेलेली, हातांवर ताडाच्या पानांचे ओरखडे. रॉस्को पायरीवर कॉफीचा कप घेऊन उभा.

"एक म्हणालो होतो मी, व्हर्लीन. एक! तू तर अख्खी बस रिकामी केलीस."

प्रेस्टन पुढे आला. "रॉस्को, आमचा दोष नाही. आम्ही पट्टे बघूनच आलो. झाडावर दोन पट्टे दिसले, म्हणजे वळायचं. वळलो. बघतो तर पुढच्या झाडावरही दोन. परत वळलो. प्रत्येक झाडावर दोन!"

"मग किती वेळा वळलात?" रॉस्कोने विचारलं.

"तुझं घर येईपर्यंत."

मी व्हर्लीनकडे बघितलं, तिने माझ्याकडे. दोन पट्ट्यांचा अर्थ दर शनिवारी सांगणारी ती आणि दर शनिवारी ऐकणारा मी! अख्ख्या रानाला आम्ही 'वळा, वळा' म्हणून ठेवलं होतं. मला हसू फुटलं. जॅक्सनव्हिलवाल्यांनाही कळलं, तेही हसायला लागले, काठ्या गळून पडेपर्यंत. रॉस्कोच्या कपातली कॉफीसुद्धा हिंदकळली, पण त्याने तोंड वळवलं.

व्हर्लीन हसली नाही. ती लालबुंद झाली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस, मी कबूल केलं होतं. फाटक लाव. पण ही माणसं आज आलीयत, रॉस्को. आजच्या दिवस त्यांना नदीवर जाऊ दे."

रॉस्कोने कप पायरीवर ठेवला. "माझ्या पेट्यांमधून जाणार ही येडी? एकेकाला उचलून न्यावं लागेल दवाखान्यात." त्याने दारामागची काठी घेतली. "माझ्या मागून या. हात खिशात. आणि त्या लोखंडी काड्या हलवू नका."

असा रॉस्को पुढे, आणि मागे खिशात हात घातलेली आमची वरात. पेट्यांजवळ सगळे चिडीचूप. संत्र्यांच्या झाडांमधून उतरलो आणि सायप्रसच्या झाडांपाशी एकदम नदी आली. थंडीमुळे समुद्रगायी काठाला आल्या होत्या, समुद्रातून नदीत येणारी ती धिप्पाड, गरीब जनावरं. एक नाक वर यायचं, मोठा सुस्कारा सोडायचं आणि परत खाली. कुणीतरी विचारलं, "त्या किती खातात?" आणि रॉस्को, ज्याला माणसांचा कंटाळा होता, तो बोलायलाच लागला. किती खातात, पिल्लं कशी सांभाळतात, कोणाच्या पाठीवर कुठला व्रण, तो कुठल्या वर्षीचा. थांबेचना. प्रेस्टनने दोनदा घड्याळ बघितलं.

शेवटी मंडळी परतायला निघाली. व्हर्लीन फळीच्या बाकावर बसून राहिली.

"चल," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढे. माझ्यामागे कुणी हॉर्न वाजवत नाहीये."

तिच्या आवाजावरून मला कळलं की ती शेवटचं बघून घेतेय. मी लोकांना प्रेस्टनच्या हवाली केलं आणि झाडाला टेकून उभा राहिलो. रॉस्कोही गेला नाही. काठीवर भार देऊन तो बाकामागे उभा होता.

"काय बघतेस एवढं?"

"नदी."

"रोज तीच असते."

"तुला असते."

रॉस्को खाकरला. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. जन्म त्या काठावर गेला, पण त्या बाकावर तो कधी बसला नसावा, कारण बसताना त्याने फळी हाताने चाचपून बघितली. एक समुद्रगाय सुस्कारा सोडून गेली.

"फाटक मी आणलंय," रॉस्को म्हणाला. "ते बसवणार म्हणजे बसवणार. एकदा बोललो की बोललो."

"बसव," व्हर्लीन म्हणाली. तिने डोळे पुसले, लपवले नाहीत.

"त्या फटीत नाही पण. घरासमोर बसवतो. लोक पेट्यांना वळसा घालून माझ्या डोळ्यांसमोरून जातील, म्हणजे मोजे वाळत घालणार नाहीत." तो पाण्याकडेच बघत होता. "बिजागऱ्या कुठल्या बाजूला लावू तेवढं सांग. कुठल्या बाजूला उघडायला हवं?"

व्हर्लीनने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, कारण माझेही डोळे काही बरे नव्हते.

"नदीकडे," ती म्हणाली. "येणाऱ्याने नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे."