टोमाबाईंचा तिसरा कप

ओल्डेनबुर्गच्या टोमा हार्बर्ट्सबाई महाविद्यालयं तपासायच्या. अठ्ठावीस वर्षं हेच केलं, त्यातली शेवटची अकरा मान्यता मंडळाच्या प्रमुख म्हणून. एखादा अभ्यासक्रम पदवी द्यायच्या लायकीचा आहे की नाही, हे त्यांच्या सहीनं ठरायचं. आई नक्की काय काम करते हे मुलांना मात्र कधी धड सांगता आलं नाही. धाकट्यानं शाळेत सांगितलं होतं, "आई दुसऱ्यांच्या कॉलेजात जाऊन चहा पिते." बाईंना ते वर्णन बऱ्यापैकी अचूक वाटलं होतं.

कारण त्यांची खरी तपासणी चहावरच व्हायची. बाई मूळच्या समुद्राकडच्या, लेअर गावच्या. वडील वर्षातून दोनदा समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या पाहणीला जायचे. जिथं गवत जास्तच हिरवंगार दिसेल तिथं मुद्दाम काठी खुपसून उंदरांची बिळं शोधायचे. लेकीनं काठीच्या जागी किटली घेतली, एवढाच फरक. कुठल्याही कॉलेजात गेल्या तरी पिशवीत आपल्या गावची चहापत्ती, खडीसाखर आणि सायीची बाटली असायचीच. कपात आधी खडीसाखर, वर कडक चहा, कडेनं सायीचा थेंब, आणि ढवळायचं अजिबात नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. तो ठेवेपर्यंत यजमान ओततच राहणार. बाईंचा अनुभव असा, की पहिल्या कपाला माणसं अहवालातलं बोलतात, दुसऱ्या कपाला प्राचार्यांचं कौतुक करतात आणि तिसऱ्या कपाला खरं बोलायला लागतात. तेव्हा त्या हळूच विचारायच्या, "अहवालात काय लिहायचं राहिलं?"

या एका प्रश्नावर किती जणांचं बिंग फुटलं याची गणती नाही. एका ठिकाणी प्रयोगशाळेतली यंत्रं दोन दिवसांपुरती भाड्यानं आणलेली निघाली. दुसरीकडे दाराचा रंगच ओला होता, तो बाईंच्या कोटाला लागला. पण त्यांना सगळ्यात जास्त हसू यायचं ते तालमीचं. चार प्राध्यापक शब्दही न बदलता तेच वाक्य बोलले की बाई पेन खाली ठेवायच्या आणि किटली उचलायच्या.

आता गंमत अशी, की तपासणाऱ्यांचीही तपासणी असते. दर पाच वर्षांनी परदेशातले लोक येऊन मंडळालाच पारखतात. नापास झालं तर मंडळाचं नाव युरोपच्या यादीतून जातं, त्याच्या शिक्क्याला कोणी विचारत नाही आणि एकोणीस माणसांचं काम जातं. बाईंना निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि पाहणी पंधरा दिवसांवर आली होती. नेमका तेव्हाच त्यांचा जुना सहकारी एनो यान्सन एक फाईल घेऊन खोलीत आला.

एम्स नदीकाठच्या एका नर्सिंग कॉलेजची ती फाईल. तिथल्या मुली आठवडाभर रुग्णालयात राबतात, म्हणून वाचनालय शनिवारी उघडं ठेवा, अशी अट मंडळानं घातली होती. नऊ महिन्यांत पुन्हा जाऊन बघायचं ठरलं होतं. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती आणि कोणी गेलंच नव्हतं.

"विसरलं कोण? तू की मी?" बाईंनी विचारलं.

"सही तुमची, कपाट माझं," एनो म्हणाला.

आणि जन्मभर ज्याला हसल्या तेच बाईंनी केलं. स्वतःसकट पाच जणांची तालीम घेतली. कोणी काय बोलायचं, कुठं थांबायचं, सगळं ठरलं. वर हुकूम सुटला, "दुसरा कप संपला की चमचा आत. तिसऱ्यापर्यंत गोष्ट जाता कामा नये."

"बाई, हे तुम्ही सांगताय?"

"गप बस आणि चमचा ठेव."

पाहणीच्या दिवशी समितीचे अध्यक्ष होते डेन्मार्कचे मोगेन्स थोरूप, शांत, जाड भिंगांच्या चष्म्याचे. समितीत विद्यार्थ्यांच्या वतीनंही एक जण असतो. यावेळी टार्टू विद्यापीठातली लिस्बेट कूस्क नावाची मुलगी आली होती. पहिला कप छान गेला. दुसऱ्या कपाला सगळ्यांनी एकमेकांचं मनापासून कौतुक केलं. मग पाच चमचे एकदम पाच कपांत पडले. कवायतीतसुद्धा इतकं एकसाथ होत नाही.

लिस्बेटनं मान वर केली. "मी उतरलेय तिथल्या घरमालकीणबाईंनी सकाळी मला तीन कप पाजले. म्हणाल्या, तीनच्या आत चमचा ठेवला तर मी रुसेन. तुम्ही पाचही जणांनी एकदमच कसा ठेवला?"

एनो खिडकीबाहेर बघू लागला.

"हार्बर्ट्सबाई, तुमच्या अहवालात काय लिहायचं राहिलं?" मुलीनं वहीत बघून विचारलं. "हा प्रश्न तुम्हीच तपासनीसांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेतला आहे. पान चौदा."

बाईंचे कान लाल झाले. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि त्याच क्षणी त्या पोरीचा अभिमानही वाटला. त्यांनी कपातला चमचा काढून बशीत ठेवला, सगळ्यांना तिसरा कप ओतला आणि फाईलची गोष्ट सांगितली. तालमीचीसुद्धा सांगितली.

"मग ते वाचनालय शनिवारी उघडं असतं का?" थोरूपनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

महिन्याभरानं निकाल आला. अटीसह मान्यता. जुन्या सगळ्या अटी स्वतः जाऊन तपासा आणि नऊ महिन्यांत कळवा. एनोनं पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "बाई, भाषा अगदी तुमचीच आहे." एकोणीस जणांनी लोण्याचा केक कापला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले.

पुढच्याच शनिवारी त्या न कळवता नर्सिंग कॉलेजात गेल्या. वाचनालय उघडं होतं. आठ-दहा मुली पुस्तकांत डोकं घालून बसल्या होत्या, एक तर गणवेशातच पेंगत होती. टेबलामागे ग्रंथपाल गेझिने पोपिंगा होत्या, पिकलेल्या केसांच्या.

"मॉइन," त्यांनी तिकडच्या रीतीनं नमस्कार केला. "मंडळाकडून ना?"

"हो. जरा उशीर झाला."

"जरा? तुम्ही याल म्हणून पहिल्या शनिवारी मी केक केला होता. मुलींनी फस्त केला. मग दर शनिवारी करायची सवयच लागली." त्यांनी हजेरीची वही पुढे सरकवली. तीन वर्षांचे शनिवार होते त्यात, एकही न चुकलेला.

टोमाबाईंनी पानं उलटली. चष्मा काढून पुसला. कोणी तपासायला येत नसताना या बाईनं हे सगळं केलं होतं. मग त्यांनी वहीत आजच्या तारखेखाली स्वतःचं नाव लिहिलं. येण्याचं कारण या रकान्यात लिहिलं, शिकायला. पोपिंगाबाईंनी ते उलटं वाचलं आणि चहाची किटली चढवायला उठल्या.