बापूरावांचा बोअर अन् चिमीची अंघोळ

गल्लीत बोअर एकच असला, की बाया हंड्यासोबत किस्सेबी भरून नेतात. आमच्या सेनगावकडच्या गावात तो नेमका माझ्या ओट्यासमोर. म्हणून माझ्याकडं साठा जरा जास्तच!

बोअर बापूरावांचा, त्याचा त्यांना भारी तोरा. पण पाणी असं जड, की तूरडाळ दुपारपर्यंत शिजंना. कोणी बोललं की म्हणायचे, "डाळच हायब्रीड हाय. पाण्याला काहून नावं ठेवता?"

*

त्यांची सून सुरेखा सिद्धेश्वरहून बाळंत होऊन आली. माहेरी धरणाचं पाणी. लेकीचं, चिमीचं अंग लोण्यासारखं. इथं आल्यावर गाल लाल, कातडी खरखरीत. लेकरू सारखं खाजवून रडून राहिलं. सासू म्हणाली, "नजर लागली!" अन् बघितलं माझ्याकडं! आता रोज डोकावायला मीच जायची, त्याला मी काय करू?

*

न्हाऊ घालायला गयाबाई. जड पाण्यात फेस येईना, की ती अजून साबण घासायची.

म्हटलं, "गयाबाई, लेकरू हाय की सतरंजी?"

"फेस आल्याबिगर न्हाणं झालं असं वाटतच न्हाई बघा!"

*

शेवटी सुरेखा रडकुंडीला आली. "हिला घेऊन मी माहेरीच राहते."

मग सगळे जीपनं हिंगोलीला डॉक्टरकडं. मीबी बसले, बोलावलं कोणी नव्हतं, ते सोडा. डॉक्टर म्हणाले, "जड पाण्यात साबण नीट निघत नाही, कातडी कोरडी पडते. साबण कमी करा, अंघोळ झटपट उरका अन् अंग ओलसर असतानाच मलम लावा. मऊ पाणी मिळालं तर बघा."

बापूराव भडकले. "ह्याच पाण्यावर आमच्या चार पिढ्या वाढल्या!"

सुरेखा हळूच म्हणाली, "मामा, बोअर तर गेल्या उन्हाळ्यात पाडला ना?"

*

दुसऱ्या दिवशी बघते, तर बापूराव सायकलला कॅन बांधून ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून येऊन राहिले! त्या पाण्यात साबणाला फेस लई.

"काहो बापूराव, दारात बोअर असून?"

"डाळीसाठी नेऊन राहिलो! शिजत न्हाई म्हणून तुमीच बोंबलता ना?"

रोज तेच. हळूहळू चिमीचे गाल मऊ झाले, रात्री झोपू लागली. सुरेखाच्या तोंडून माहेराचा विषय गेला.

एकदा त्यांच्याकडं वरण मागून आणलं. घास घेतला, तर डाळ दाताखाली कडक! तशीच वाटी घेऊन परत गेले.

"काय गं सुरेखा, विहिरीच्या पाण्यातबी डाळ कच्चीच?"

चिमीला मलम चोळता चोळता ती हसली.

"काकू, डाळ तर अजून बोअरच्याच पाण्यात शिजवतो आमी!"