रंगूमावशीच्या खिळ्यावरच्या सुतळ्या

"हवालदार, पोट सोडा."

"सोडलंय की."

"नाय सोडलं. श्वास धरून उभे हाव. फोटो काढायचाय का? सोडा."

हवालदारानं सोडलं. कमरेभोवतीची सुतळी चार बोटं सरकली आणि नाक्यावरचे सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. रंगूमावशी मात्र हसली नाय. ती मान खाली घालून दोऱ्याला मेण लावत होती.

"आता गाठ मारा आणि टाका इकडं."

मावशीचं माप घेणं हे असं. तिनं आयुष्यात कुठल्या बाप्याच्या कमरेला हात लावला नाय. सुतळी फेकायची, बाप्यानं स्वतः गुंडाळून गाठ मारायची. आणि बाप्ये सगळे लबाड. पोट आत ओढूनच गाठ मारणार, मंग पट्टा आखूड झाला की मावशीशीच भांडणार. म्हणून ती आधी पोट सोडायला लावायची. फौजदार असो नायतर गुराखी.

मी महेंद्र, सापगावचा. शाळा नववीत सुटली, त्याचं मला काय वाटत नाय. दोन हजार तीन साली मी शहापूर ते शेणवा काळीपिवळी जीप चालवायचो. शेणव्याच्या नाक्यावर सीटा भरेपर्यंत थांबायला लागायचं आणि मला एका जागी बसवत नाय. म्हणून मी चिंचेखाली मावशीजवळ जाऊन उभा राहायचो. डोक्यावर ताडपत्री, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, बाजूला पेटी. चिंचेच्या खोडाला एक मोठा खिळा आणि त्या खिळ्यावर सुतळ्या. दोन-तीनशे असतील. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या बाप्यांच्या कमरा तिथं लटकलेल्या.

मावशीला लिहिता येत नव्हतं. कुठली सुतळी कोणाची ते ती खुणेनं ओळखायची. हवालदाराच्या सुतळीला खाकी चिंधी. कंडक्टरच्या सुतळीला तिकिटाचा तुकडा. मास्तराची सुतळी तिनं खडूनं घासून पांढरी केलेली. माज्या सुतळीला जीपच्या सीटचं रेक्झिन.

त्या रेक्झिनवरूनच आमची ओळख. आमच्याकडं बाई असो का बाप्या, रानात जाणाऱ्याच्या कमरेला कोयता असतोच. जीपमध्ये बसताना तो उघडा कोयता कुठंतरी टेकवतात. माजी नवी सीट एकीनं उभी फाडली. मी शिव्या देत मावशीकडं शिवायला नेली. ती बोलली, "सीट किती वेळा शिवशील? कोयत्याला घर दे." मंग मी नियमच केला, कोयत्याला म्यान नसेल तर जीपमध्ये घेणार नाय. लोक बोंबलले, पण आठवड्यात मावशीकडं रांग लागली.

म्यान म्हणजे दोन कातडी शिवली की झालं असं मला वाटायचं. तसं नाय. धार ज्या बाजूला येते तिथं दोन कातड्यांच्या मध्ये ती जाड कातड्याची एक पट्टी घालायची. धार त्या पट्टीवर बसते, दोऱ्यावर बसत नाय. पट्टी नाय घातली तर चार दिवसांत धार दोरा कापून बाहेर येते, आणि मंग मांडी. शिलाई पण दोन सुयांची. आरीनं भोक पाडायचं, एका भोकातून दोन्ही बाजूंनी दोन सुया काढायच्या. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

फौजदाराच्या रिव्हॉल्वरचं कव्हर पण तिनंच केलं. रिव्हॉल्वर काय तिच्याकडं ठेवायला देणार नव्हते. सुतारानं तसंच लाकडाचं करून दिलं. मावशीनं कातडं भिजवलं, त्या लाकडावर ओढून चमच्याच्या पाठीनं दाबत दाबत बसवलं आणि सावलीत वाळत ठेवलं. वाळल्यावर कातड्यानं अगदी रिव्हॉल्वरचा आकार धरला. लाकडाचं रिव्हॉल्वर सुताराकडं परत द्यायला मी जीपच्या पुढच्या फळीवर ठेवलं, तर सापगावला दोन पाशिंजर भाडं न देता उड्या टाकून पळाले.

ती कातडं कापायची रापी घासायची त्या पाटावर खिळ्यांनी एक जुना काळा पट्टा ठोकलेला होता. कापायच्या आधी रापी त्याच्यावर दहा वेळा पुढंमागं. त्या पट्ट्याला एकाला एक लागून सात भोकं, शेवटचं तर पार मध्याजवळ. मी एकदा बोललो, "मावशे, ही काय चाळणी केलीस? कोणाचा पट्टा हा?"

"तुजं तोंड बांधायला ठेवलाय," ती बोलली आणि रापी घासत राहिली.

आता मंगळू. शेणव्याच्या वरच्या पाड्यावरचा. वनखात्याच्या नर्सरीत रोजावर जायचा. तिशीचा गडी, आवाज असा की जीपच्या हॉर्नची गरज नाय. मावशीला 'म्हातारे' बोलायची हिंमत फक्त त्याचीच. त्याच्या कमरेला मावशीचा रुंद पट्टा, मागं मावशीचंच म्यान, त्यात कोयता. सुतळीला खूण म्हणून मोराचं पीस. ते त्यानं स्वतःच बांधलेलं, कारण बाकीच्या खुणा त्याला भिकार वाटल्या.

पट्ट्याला भोकं पाच. माणूस मधल्यावर बसला पाहिजे. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात राबून सगळेच एक भोक आत जातात. भात घरात आलं की परत बाहेर येतात. दिवाळीनंतर मावशीकडं गर्दी ती बाहेरचं भोक पाडून घ्यायला. त्या गर्दीत मंगळू आला आणि बोलला, "म्हातारे, आतलं एक पाड."

मावशीनं भोक पाडायचा पंच उचलला होता. तो हातातच राहिला.

"सगळे बाहेर चालले, तू आत कुठं चाललास?"

"काम पडतं गो."

"काम हवालदाराला पण पडतं."

लोक हसले. मंगळू पण हसला आणि हसता हसता खोकला. तोंड फिरवून, बराच वेळ.

"खोकला कवापासून?"

"धूर लागतो चुलीचा."

मावशीनं पंच पेटीत टाकला. "चूल तुज्या आज्यापासून हाय. नाय पाडणार मी."

"पैसे देतो ना?"

"पैसे नको. शिमग्यापासून तीन भोकं पाडलीत तुला. हे चौथं. आधी दवाखान्यात जा."

मंगळूचं तोंड उतरलं. नर्सरीत कायम करायची यादी निघणार असं त्या दिवसांत बोललं जायचं. आजारी दिसलो तर आपलं नाव उडेल, ही त्याला धास्ती. तो चिडला. "तू पट्टे शिवतेस का नाडी बघतेस? मोठी आली डाक्टरीण!"

मावशीला कोण असं बोललं तर माजं डोकं फिरतं. मी त्याची गचांडी धरली. तर मावशीनं हातोडीचा दांडा माज्याच पायावर मारला. "सोड त्याला. हाडं मोडतील त्याची." तेव्हा मला कळलं, गचांडी धरली तेव्हा हाताला खरंच हाडंच लागली होती.

आठ दिवस मंगळू चिंचेकडं फिरकला नाय. मावशी रोज मला विचारायची, "आला होता काय रे जीपमध्ये?" एक दिवस आला. शेणव्याला जीपमध्ये चढायला त्यानं पाय वर टाकला आणि कमरेचा पट्टा ताडकन तुटला. म्यान, कोयत्यासकट, सरळ माज्या पायावर. चांगला वजनाचा कोयता. म्यानातली ती मधली पट्टी नसती तर माजी दोन बोटं नाक्यावरच राहिली असती.

मी बोंबललो. मावशी उठून आली. तिनं माज्या पायाकडं बघितलं पण नाय. पट्टा उचलला आणि तुटलं तिथं बोट ठेवलं. घरी चुलीत खिळा तापवून मंगळूनं भोक पाडलं होतं. जळालेलं कातडं बिस्किटासारखं कडक होतं, तिथूनच गेलं.

"खिळा तापवलास," मावशी बोलली.

मंगळू एका हातानं हाफपँट धरून उभा. "तू पाडलं नायस मंग काय करू? दे तो पट्टा इकडं."

"पट्टा माज्याकडं राहील." तिनं खिळ्यावरून मोरपिसाची सुतळी काढली आणि त्याच्याकडं फेकली. "हिच्यानं बांध आणि बस जीपमध्ये. शहापूरला जायचंय, दवाखान्यात."

"नाय येणार."

"मंग जा घरी चालत. एका हातात कोयता, एका हातात चड्डी. बाजारचा दिवस हाय, सगळा गाव बघील."

जीपमधल्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मंगळूनं रस्त्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं, आणि सुतळी बांधली. नवी गाठ पहिल्या गाठीच्या वीतभर आत पडली. मंग कोण हसलं नाय.

मावशीनं पेटी पानवाल्याकडं ठेवली आणि पुढच्या सीटवर बसली. मी वाटेत एकही पाशिंजर घेतला नाय.

दवाखान्यात तीनदा थुंकी तपासली. टीबी. मंगळू भिंतीला टेकून खालीच बसला. डाक्टर समजूतदार होता. बोलला, "गोळ्या फुकट आहेत. सहा महिने नीट घेतल्या तर पहिल्यासारखा होशील. मध्येच सोडल्या तर मात्र अवघड. एक दिवसाआड, कोणाच्या तरी समोर घ्यायच्या. कोण बसेल समोर?"

मंगळू आपल्या बायकोचं नाव घेणार होता. मावशी मध्येच बोलली, "मी. बायकोला हा गुंडाळील."

तेव्हापासून गोळ्यांचा डबा मावशीच्या पेटीत, मेणाच्या गोळ्याशेजारी. एक दिवसाआड मंगळू यायचा, मावशी पाणी द्यायची. गिळल्यावर "आ कर" बोलायची आणि तोंडात बघायची. दुसऱ्याच दिवशी तो पाड्यावरून पळत आला. "म्हातारे, मेलो! लाल होतेय! रगत!" नर्सनं दवाखान्यात दोनदा सांगितलं होतं, गोळीनं लघवी लाल होते, घाबरायचं नाय. मावशी बोलली, "कान घरी ठेवून आला होतास का रे दवाखान्यात?"

पुसाच्या महिन्यात म्हसा गावाची जत्रा लागते, मुरबाडकडं. मावशी दर वर्षी बैलांचे पट्टे घेऊन तिथं मुक्कामाला जायची, तिचा वर्षाचा मोठा धंदा तो. त्या वर्षी तिनं मुक्काम केला नाय. गोळीच्या दिवशी सकाळी शेणव्याला पाहिजेच. मी परमिटच्या बाहेर गाडी काढून तिला नेलं-आणलं. एकदा अडवलं पण, तर तो आमचाच हवालदार निघाला. मी सांगितलं कशाला चाललोय. त्यानं पोट सोडून दाखवलं आणि जा बोलला.

दर महिन्याला सुतळी. मंगळू गुंडाळायचा, मावशी नवी गाठ मारायला लावायची. पहिल्या महिन्यात गाठ हलली नाय. मंगळू बोलला, "काय उपयोग नाय." आणि पुढच्या गोळीला आलाच नाय. मावशी साठीची बाई, पेटीतला डबा घेऊन भर दुपारी पाडा चढली. मी मागून चाललो होतो, मला धाप लागली. मंगळूच्या ओट्यावर ती बसली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोलली, "आ कर." त्यानं केला. परत कधी चुकला नाय.

दुसऱ्या महिन्यात गाठ बोटभर बाहेर. चौथ्यात तीन बोटं. आवाज पण परत आला. लांबूनच 'म्हातारे' ऐकू आलं की मी जीपचं हॉर्न वाजवायचो, त्याला जोड म्हणून. नर्सरीची यादी त्या साली निघालीच नाय, धास्ती फुकटच घेतली होती.

वैशाखात डाक्टरनं परत थुंकी तपासली. साफ. त्या दिवशी मावशीनं नवा पट्टा करायला घेतला. सगळ्यात जाड कातडं काढलं. रापी घासली, एका दमात सरळ कापलं. कडा ओल्या करून लाकडानं घासून घासून आरशासारख्या केल्या. करंजाचं तेल चोळलं, बक्कल दोन सुयांनी शिवलं. मंग पंच घेऊन पाच ठोके. मंगळूनं पट्टा बांधला. बरोबर मधल्या भोकावर.

"पोट सोड," मावशी बोलली.

"सोडलंय गो."

"अजून सोड."

त्यानं सोडलं. बक्कल करकरलं. मावशीनं एक भोक बाहेर सरकव अशी खूण केली, आणि पहिल्यांदाच मी तिला माप घेताना हसताना बघितलं.

"आणि माजा जुना पट्टा?"

"कापला. तीन म्यानांच्या मधल्या पट्ट्या झाल्या."

पुढं दोन वर्षांनी मावशीचं चिंचेखालचं सामान जुनं झालं म्हणून मी तिचा पाट, खालचं लाकूड बदलून आणायला, मुरबाडला सुताराकडं नेला. तिथं तिची नणंद येसूबाई राहते, तिच्याकडं पाणी प्यायला थांबलो. येसूबाईनं पाटावरचा तो काळा पट्टा बघितला आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"हा अजून ठेवलाय तिनं?"

तो मावशीच्या वारलेल्या नवऱ्याचा पट्टा होता. येसूबाईनं सांगितलं, ती सातही भोकं एका वर्षात पडली आणि सगळी रंगूनंच पाडली. दर वेळी त्याला चिडवायची, आता अगदी हिरोसारखी कंबर झाली तुमची. आणि खोकल्याचं कोण विचारलं तर चुलीचा धूर लागतो, असं तीच सांगायची.