आपला माणूस

‘आपला माणूस आहे, काळजी नको’ असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. घाटकोपरची आमची जागा विकताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी आईला सांगितलं, हे पुन्हा बोललीस तर मी घर सोडून जाईन. ती पुन्हा बोललीच.

बाबांची गिरणी संपात गेली आणि वर्षभरात अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. आजारानंतर बाबा एकदाच खाली उतरले, तेही खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, डॉक्टरांकडे न्यायला. त्यानंतर खिडकीतलं आकाश तेवढं त्यांच्या वाट्याला. मला ते बघवत नव्हतं. ही जागा विकायची, मुलुंडला तळमजल्यावरची घ्यायची आणि बाबांना रोज दारात खुर्ची टाकून द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरात पगार एकट्या माझा येत होता, त्यामुळे दलाल मी निवडणार असं मी धरून चालले होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीने स्टेशनसमोरचा एक गुजराती दलाल सांगितला. टपरीएवढं त्याचं दुकान. त्याने भाव विचारायच्या आधी विचारलं, “ताई, पहिले हे सांगा, जागा विकायची कशाला?” मी बाबांचं सांगितलं. तो म्हणाला, “मग गिऱ्हाइकाला पहिले तेच बोलायचं ना. नंतर माहीत पडलं तर बोलेल, काहीतरी लपवलं.” दलाली किती, कधी द्यायची, तेही त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं. मला माणूस आवडला.

घरी सांगितलं तर बाबांनी मान फिरवली. आई म्हणाली, परक्याला कशाला घरात घुसवायचं? आपला माणूस आहे ना!

हा आपला माणूस म्हणजे आमच्या ग्रामस्थ मंडळाचा कार्यवाह. नोकरी सांभाळून जागांची दलाली करायचा. पण त्याची खरी ताकद वेगळीच होती. गणपतीला गावी जाणाऱ्या मंडळाच्या गाड्यांमधल्या सीटा तो वाटायचा. त्याच्याशी वाकडं घेतलं की सीट मागच्या चाकावर, नाहीतर नाहीच. त्यामुळे आमच्या गावच्या कुठल्याही घरात त्याला ‘नको’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो आला, चहा प्यायला आणि म्हणाला, “तुमच्याकडसून मी दलाली घेईन होय?” आई गहिवरली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, कारण फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. तो विचारूही देत नव्हता. कुणाला जागा दाखवलीस, ते काय म्हणाले, असं विचारलं की हसायचा.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. “गो बाय, आजारी माणूस दिसलो की गिराईक इल्या पावली परत जाता. म्हणता, जागा लाभाची नाय.” म्हणजे बाबांना लपवायचं! मी भांडले. आई माझ्याकडे न बघता खाट आवरायला लागली. बाबांना धरून धरून समोरच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, त्यांचं भांडं, औषधं, काठी सगळं तिथे हलवलं आणि घरभर फिनेल मारलं. मग असे किती रविवार गेले. गिऱ्हाइकं येत होती, भाव पाडून मागत होती, जात होती. आणि माझा बाप गॅसच्या सिलिंडरशेजारी बसून राहत होता.

शेवटच्या रविवारी एक जोडपं आलं. बाई गॅलरीतून आत येत असताना समोरून बाबांची हाक ऐकू आली. आईच्या नावाने. त्यांना लघवीला लागली होती, शेजारीण घरात नव्हती. बाईने विचारलं, कोण हो? कार्यवाह पटकन म्हणाला, “शेजारचो म्हातारो, डोक्यान जरा तसोच.” आणि आई, माझी आई, गिऱ्हाइकाकडे बघून हसत उभी राहिली. हलली नाही.

माझा तोल गेला. मी समोर गेले. उशीर झाला होता. तशाच ओल्या लुंगीत बाबांना काखेत धरून ओढत आणलं आणि मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. “शेजारचे नाहीत, माझे बाबा आहेत. यांना जिना उतरता येत नाही म्हणून जागा विकतोय. पटलं तर घ्या.” जोडपं चपला घालायला वळलं. कार्यवाहाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गेला तो पुन्हा आला नाही, आणि गणपतीची सीटही.

दार लागल्यावर बाबा बोलले. तोंड वाकडं झालेलं, शब्द जुळवायला वेळ लागायचा. “मीच सांगितलंय तेका, माका कोणाक दाखव नको म्हणान. परक्याक ह्या सांगूक येता?”

आईला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं! मी त्यांची लुंगी बदलली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर स्टेशनसमोरच्या दलालाला चावी देऊन आले, कुणालाही न विचारता. त्याची गिऱ्हाइकं आली की बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी त्यांना वळवायला गेले नाही. त्याने दिवाळीच्या आत जागा विकून दिली, सगळं खरं सांगून.

मुलुंडच्या घराला पुढे छोटं अंगण होतं. पहिल्याच सकाळी मी दारात खुर्ची टाकली, उशी ठेवली, बाबांना न्यायला आत गेले. त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली. बाहेरून लोक जातात म्हणाले, बघतात. मग कुणासाठी विकली मी ती जागा? मी विचारलं, ओरडून विचारलं, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

ते म्हणाले, “दार लाव गो.”