तोआ पायोहचा साकुरा

सिंगापूरला ऋतू दोनच: बाहेरचा घाम आणि ऑफिसातला एसी. पण हौसेला मोल नाही. मार्च-एप्रिलात रस्त्याकडेची काही झाडं गुलाबी फुलली, की लोक त्यांना बिनदिक्कत साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा बहर, म्हणतात आणि जपानला जाऊन आल्याच्या थाटात फोटो टाकतात. मीही टाकलेत.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. तिनं पुण्याचा फ्लॅट बंद करून कायमचं इथंच राहावं म्हणून माझा आटापिटा चालला होता. बागा झाल्या, मत्स्यालय झालं, तीन मॉल झाले. प्रत्येक ठिकाणी आई म्हणाली, "छान आहे." पुणेरी बाईच्या "छान आहे"चा अर्थ मला पुरता ठाऊक होता. शेवटी हुकमाचा एक्का काढला, साकुरा.

रविवारी सकाळी आई, मी आणि माझी दहा वर्षांची लेक, तिघी आमच्या तोआ पायोहमधल्याच त्या रस्त्यावर पोचलो. फुटपाथभर गुलाबी सडा. एका बाईनं तर त्या उकाड्यात किमोनो घातला होता. मी गाइडच्या सुरात सुरू झाले, "जपानी लोक यासाठी वर्षभर वाट बघतात." वळून बघते तर आई छत्रीच्या मुठीनं फांदी खाली ओढतेय, मनगटाला प्लॅस्टिकची पिशवी. जन्मभर लोकांच्या कंपाउंडवरची जास्वंद तोडून देवपूजा केलेली बाई.

"आजी, कॅनॉट लाह! फाइन!" लेक दंडाच्या भीतीनं ओरडली.

"खाली एवढी पडलीयेत, ती घे ना," मी दात-ओठ खात म्हटलं.

"पडलेलं फूल देवाला चालत नाही. एक प्राजक्त सोडून. हेही विसरलीस?" तोवर एक फूल हाती आलं होतं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "अगं, साकुरा कसला? ही वसंतराणी. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी आहे की. तू इकडे आलीस त्या वर्षी बाबांनी लावली."

झाली शोभा. मी चिडलेच. "काहीतरीच. नऊ वर्षं येतेय मी दरवर्षी. फाटकाशी एक गुलाबी फूल पाहिलं नाही."

"कसं दिसेल? तू हिच्या शाळेच्या सुट्टीत येतेस, डिसेंबरात. ती मार्चात फुलते."

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच झोंबलं.

"मी दरवर्षी म्हणायची, फोटो पाठवू या. तर हे म्हणायचे, नको, येईल तेव्हा बघेल." आईनं फूल पिशवीत ठेवलं. "माझं परतीचं तिकीट याच आठवड्यातलं काढ. यंदा निदान मी तरी बघायला हवं."

राहण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. घरी येऊन तीन तिकिटं काढली. ऑफिसच्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात लिहिलं, साकुरा.