बिनफोडणीचा भात

आधी हातातला कप खाली ठेवा. मी काय करून बसलो ते ऐकून चहा सांडाल, आणि खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर फुटेल!

आम्ही उमरग्याचे, सासुरवाडी ढोकीची. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मागच्या महिन्यातच छातीत दुखलं म्हणून ॲडमिट केलेलं. तेव्हापासून सकाळी दुकान उघडलं की त्यांना फोन करायचा हा माझा नेम. गेल्या आठवड्यात एकदा तो फोन उचलला शेजारच्या राधाक्कांनी.

"मामा कुठंयत?"

"ते... आत्ता बोलायच्या परिस्थितीत न्हाईत."

"आणि मामी?"

"पडून हायेत. आज घरात चूल पेटली न्हाय. म्याच भात नेऊन दिला. बिगर हळदीचा, बिगर फोडणीचा."

संपलं! आता तुम्हीच सांगा, शेजारीण बिनफोडणीचा भात कुणाकडे नेऊन देते? सुतकाच्या घरी!

"अक्का, खरं सांगा."

"काळजी नका करू, बरं हाय समदं. जमलं तर या तुमी."

हे तर त्याहून वाईट. माणूस गेला असं फोनवर कुणी सांगतं का? 'बरं आहे, या' असंच सांगतात. मीही पुढं विचारलं नाही. विचारायचंच नसतं.

लातूरच्या साडूंना कळवलं, "मामांची तब्येत जरा जास्त आहे. या ढोकीला."

साडूही अनुभवी. हळूच म्हणाले, "किती वाजता उचलणार?"

हार आणि पांढरं कापड घेऊन गाडीच्या मागच्या सीटखाली दडवलं. बायको म्हणजे मामांची शेंडेफळ. तिला खरं सांगायची माझी छाती होईना. "मामांनी सहज बोलावलंय," एवढंच म्हणालो.

ती खुशीत! बापासाठी धपाटे बांधून घेतलेले. वाटेत तिनं फोन काढला की मी म्हणायचो, "रेंज नाही इथं." डोळे भरून यायला लागले.

"काय झालं वं?"

"धूळ गेली."

"काचा तर बंद हायेत! आन फुलांचा वास कुठनं येतोय?"

तुळजापूर आलं. "थांबवा ना, आईचं दर्शन घेऊन येते," ती म्हणाली. लेकीला बापाचं सुतक, देवळात कसं जाऊ द्यायचं?

"परत येताना बघू."

"असं कधी म्हणता का तुमी? पुढं जायच्या आधीच घेऊ की!"

"नको म्हटलं ना!" मी ओरडलोच.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आबा... हायेत ना?"

मी गाडीचा वेग वाढवला. ढोकीपर्यंत ती पदर तोंडात धरून रडत होती आणि मी स्टेअरिंग धरून. असला रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दारात गाडी थांबवली, तर मागून साडूंची जीप. आत नुसत्या पांढऱ्या टोप्या. मी हार काढून हातात घेतला. बायकोनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला, "आबाऽऽ!"

परसातून आवाज आला, "काय गं? आलो, आलो! निवांत बसू तरी द्या माणसाला!"

संडासाचं दार वाजलं, आणि हातात टमरेल घेऊन मामा बाहेर आले. तोंड सुकलेलं, चाल ढिली, पण चांगले जिवंत! बायकोनं टमरेलासकट त्यांना मिठी मारली.

झालं होतं इतकंच. आदल्या दिवशी एका लग्नात भजी आणि जिलेबी जरा जास्त झालेली. मामा-मामी, दोघांनाही जुलाब!

"अक्का, फोनवर तेवढं सांगायचं की!" मी म्हणालो.

राधाक्कांनी पदर तोंडाला लावला. "घरच्या जावयाला जुलाब कसं सांगायचं वं? लाज न्हाय का?"

मामांनी आधी टोप्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, ह्यो हार कुणाला?"

"तुम्हालाच," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

धपाटे साडूंच्या मंडळींनी संपवले. मला मात्र मामांनी शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं तो भात वाढला. एवढ्या लांब ज्याच्यासाठी आलो, तो खायलाच पाहिजे म्हणाले.

अजूनही मी रोज सकाळी फोन करतो. पण मामा आता 'हॅलो' म्हणत नाहीत. फोन उचलतात आणि मी तोंड उघडायच्या आत सांगतात, "जावईबापू, आज फोडणीचं खाल्लंय. दुकान बघा तुमी."